आमच्या वस्तीतलं पोस्ट ऑफिस जाणार म्हणे. नागपुरात तुमच्याकडे काय चाललंय?

खिडकी नंबर दोन

दक्षिण नागपुरात राहते. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या पोस्टातली माणसं भली आहेत, त्यांच्यामागे उगाच वरून चौकशी नको.

परवा पोस्टाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. हे उपडाकघर पुढच्या महिन्यापासून अमुक डाकघरात विलीन होत आहे, खातेदारांनी नोंद घ्यावी. खाली शिक्का. का, ते लिहिलेलं नाही. हरकत असेल तर कोणाकडे जायचं, तेही नाही.

मला त्या कागदापेक्षा त्याआधी जे होत गेलं त्याचा जास्त राग आहे. आधी पोस्टमन गेले. डिलिव्हरी मोठ्या ऑफिसातून होईल म्हणाले, झाली. त्यामुळे घरी कुणी नसताना स्पीड पोस्ट आलं की सोडवायला कोपऱ्यावर जायचो, ते आता लांब जाऊ लागलो. मग दोन काउंटरचं एक झालं. तोच माणूस सब पोस्टमास्तर, तोच कारकून, तोच शिक्के मारणारा. तो आजारी पडला की बदली माणूस येईपर्यंत दाराला कुलूप. २०२५च्या ऑगस्टमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ठिकठिकाणी कामं अडली होती, पण जिथे खिडकीच एक, तिथे माणसं अक्षरशः पायऱ्यांवर बसून राहिली. हळूहळू लोक दुसरीकडे जायला लागले. आणि आता आम्हालाच ऐकवतात की इथे गर्दी नसते!

गर्दी कुणाची असते ते सांगते. एमआयएसचं (मासिक उत्पन्न योजनेचं) व्याज काढायला येणारे म्हातारे, आरडीत (दरमहाच्या ठेवीत) पैसे टाकणाऱ्या बायका, राखीच्या दिवसांत पाकिटं घेऊन येणाऱ्या मुली. २०२४ मध्ये लाडकी बहीणसाठी पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडायला लागलेली रांग तर थेट किराणा दुकानापर्यंत होती. तेव्हा हेच पोस्ट सरकारला चाललं.

विचारायचं एवढंच की हे थांबवता येतं का, आणि नसेल येत तर खात्यांचं काय होतं? बाबांचं सगळं तिथेच आहे.

बाप्पा

काहून बंद करून रायले बाप्पा हे लोकं? आमच्या इकडलं त कधीचंच गेलं. असाच कागद लावला होता, तो पावसात भिजून पडला, झालं.

सांगतलं का नवीन ऑफिस जवळच हाय म्हणून. जवळच हाय, पण मधात रेल्वेलाईन पडते. तिचा हिशोब कोन करन? मायले घेऊन जा लागते तर ऑटोवाला जायचे अन् यायचे दोन्हीचे पैसे घेते. मे महिन्यात जाऊन पाहा एकदा. व्याज पोस्टातून काढाचं अन् ऑटोत देऊन टाकाचं, असा कारभार हाय.

जुना शिक्का

टपाल खात्यातून निवृत्त आहे. शहर विभागातही होतो, मुफसलमध्येही (शहराबाहेरच्या भागातही). थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर वस्त्यांमध्ये जेवढा आरडाओरडा होतो तेवढी माहिती नसते.

आधी खात्यांचं. ताई, बाबांना सांगा, निश्चिंत राहा. खात्याची स्वतःची सगळी पोस्ट ऑफिसं कोअर बँकिंगवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर आहेत. ऑफिस विलीन झालं तरी खातं मरत नाही, खाते क्रमांक तोच राहतो, व्याजाची तारीखही तीच. पण तारखेच्या आत पासबुक भरून घ्या, नॉमिनी नोंदलेला आहे का ते बघा, आणि सहीचा नमुना जुना झाला असेल तर तो इथेच बदलून घ्या. ओळखीचा माणूस खिडकीत बसलेला असताना हे काम सोपं जातं.

आता नियम. शहरात पोस्ट ऑफिस उघडायचं तर अंतराचे निकष आहेत. २० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात दोन पोस्टांमध्ये किमान दीड किलोमीटर, त्याहून लहान शहरात २ किलोमीटर. डिलिव्हरी करणारी दोन ऑफिसं असतील तर ५ किलोमीटर. २०११च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं, म्हणजे आपल्याला दीडचा निकष. शिवाय शहरी ऑफिस पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं पाहिजे आणि पहिल्या वार्षिक तपासणीत ५ टक्के नफा दाखवला पाहिजे. खेड्यात तसं नाही. तिथे खर्चाच्या एक तृतीयांश उत्पन्न आलं तरी चालतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात १५ टक्के. बाकीचा तोटा सरकार सोसतं.

हे निकष उघडण्याचे आहेत, पण जुन्या ऑफिसाचा हिशेब मांडायची वेळ आली की टेबलावर हेच येतात. आपल्याकडची बरीच वस्तीतली पोस्टं त्या काळातली, जेव्हा मोजपट्टी घेऊन कुणी बसलं नव्हतं. वस्तीने मागणी केली, खासदाराने पत्र दिलं, घरमालकाने स्वस्तात खोली दिली, सुरू झालं.

आधी काय गेलं, मग काय गेलं हा जो क्रम तुम्ही लिहिला त्याबद्दल बोलायचं तर तुम्ही बरोबर पाहिलं आहे. उत्पन्न तिकिटांचं असतं, पार्सल-स्पीड पोस्टच्या बुकिंगचं असतं आणि सगळ्यात मोठा आधार बचत खात्यांचा असतो. प्रत्येक चालू खात्यामागे अर्थ मंत्रालय टपाल खात्याला ठराविक मोबदला देतं. काउंटर एक केलं की बुकिंग घटतं, नवीन खाती उघडत नाहीत. मग जो आकडा फाइलवर चढतो तो ऑफिसाच्या आजारपणातला असतो. फाइल वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की उत्पन्न कमी, भाडं जास्त.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भरती कमी, माणसं निवृत्त होत गेली. सिंगल हँडेड ऑफिस चालवणं म्हणजे काय असतं ते मी भोगलं आहे. संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि बाहेर कोणी तरी दार वाजवत असतं. दोन अर्धमेली ऑफिसं चालवण्यापेक्षा एक धडधाकट चालवावं, हा विचार अगदीच वेडा नाही.

शून्य मैल

लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. होऊ द्या बंद.

देशात १ लाख ६४ हजारांच्या आसपास पोस्ट ऑफिसं आहेत. एवढं जाळं जगात कुणाकडे नाही, आणि त्यातली दहातली नऊ खेड्यांत. जी उरली ती शहरांत, आणि शहरात बँक, एटीएम, सरकारी कामांचं सीएससी केंद्र, कुरिअर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना विकतात. टपाल खात्याची तूट हजारो कोटींत आहे. कुठेतरी कात्री लागणारच, मग ती शहरात महाल-सीताबर्डीच्या आजूबाजूला लागावी की देवलापारसारख्या खेड्यात?

तुम्ही सगळे पोस्टात शेवटचं कधी गेला होता ते खरं खरं सांगा. आठवण म्हणून पोस्ट पाहिजे असेल तर जीपीओ, म्हणजे शहराचं मुख्य डाकघर आहेच. शंभरी ओलांडलेली सुंदर इमारत आहे, फोटो काढा.

आरडीवाली ताई

शून्य मैल दादा, मी रोज जाते. म्हणजे सुटीचे दिवस सोडून रोज.

मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. घरोघरी जाऊन आरडीचे पैसे गोळा करायचे, यादी बनवायची, पोस्टात भरायचे. आरडी १०० रुपयांपासून होते. माझ्या बायका भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, एकीची इस्त्रीची टपरी आहे. ५ वर्षं महिन्याला थोडे थोडे टाकतात आणि त्यातून मुलीची फी नाहीतर टिनाचं छप्पर होतं. मला ४ टक्के कमिशन मिळतं, त्यावर माझं घर चालतं. हे मी लपवत नाही, माझा स्वार्थ आहेच.

पण हेही ऐका. त्या बायका बँकेत जात नाहीत. जाऊ शकत नाहीत असं नाही, पण तिथे गेलं की फॉर्म भरून आणा म्हणतात, खात्यात किमान रक्कम नाही म्हणून पैसे कापतात. पोस्टातल्या साहेबांना त्यांची नावं माहीत आहेत. एकीचा नवरा तिच्या सहीचा कागद घेऊन पैसे काढायला आला होता, साहेबांनी दिले नाहीत. तिला घेऊन ये म्हणाले. मोबाईलच्या ॲपमध्ये हे कसं होणार?

शून्य मैल

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमचं उदाहरण चांगल्या साहेबांचं आहे. उद्या त्यांची बदली झाली आणि खेकसणारा आला तर? व्यवस्था माणसाच्या स्वभावावर चालू नये. आरडी आता ऑनलाइन भरता येते, ओटीपी येतो, काम होतं.

आरडीवाली ताई

ओटीपी मुलाच्या फोनवर येतो. मुलगा दारू पितो. सगळ्यांच्या घरी नाही, पण विचारून बघा किती घरी.

उमरेडकडचा

शून्य मैल यांनी खेड्याचं नाव काढलं म्हणून लिहितो. शहरात बंद करून पैसा खेड्यात लावतील, हे स्वप्न सोडा.

माझे वडील गावचे पोस्टमास्तर होते. ग्रामीण डाक सेवक, म्हणजे सरकारी नोकर आहेही आणि नाहीही. शाखा डाकघराला जागा त्यांनीच द्यायची. आमच्या गावचं पोस्ट म्हणजे आमच्या ओसरीतला टेबल, लोखंडी पेटी आणि भिंतीवरची तारखेच्या शिक्क्याची शाई. आज नवीन लागणाऱ्या शाखा पोस्टमास्तरला चार तासांचे १२ हजार आणि महागाई भत्ता, सहायकाला १० हजारांपासून सुरुवात.

गावात पोस्ट बंद करायला कागद लावावा लागत नाही. डाक सेवक ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. जागा भरेपर्यंत शेजारच्या गावच्या माणसाकडे चार्ज. तो आठवड्यातून जमेल तेव्हा येतो. मग ऑनलाइन निवड होते, दहावीच्या गुणांवर. दूरच्या जिल्ह्यातला हुशार पोरगा येतो, खोली बघतो, मोबाईलला रेंज आहे का बघतो, आणि दुसरी नोकरी लागली की जातो. पुन्हा चार्ज शेजारच्याकडे. सरकारी यादीत मात्र आमचं पोस्ट चालूच असतं. तुमच्या १ लाख ६४ हजारांत तेही मोजलेलं आहे.

शहरात निदान कुलूप दिसतं तरी.

बाप्पा

हे भारी सांगतलं भाऊ. आमच्या मामाच्या गावी बी हेच हाय. मनीऑर्डर गेली, पोस्टमन गेला, डब्बा अजून टांगून हाय. पोट्टे त्यात चिप्सचे रिकामे पाकिटं टाकते.

काळा कोट

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो, त्यामुळे जीपीओशी रोजचा संबंध. कायद्याची बाजू थोडक्यात.

१८९८चा टपाल कायदा गेला. त्याच्या जागी डाकघर कायदा, २०२३ आला, १८ जून २०२४ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे होता, नव्यात तो राहिलेला नाही. तिकिटं छापण्याचा तेवढा राहिला. आणि आपल्या विषयाचं म्हणाल तर नागरिकाला घरापासून इतक्या अंतरावर पोस्ट मिळालंच पाहिजे, असं कलम त्यात कुठेही नाही. जुना शिक्का यांनी सांगितलेलं दीड किलोमीटर हा खात्याचा आपला निकष. त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाऊन बंदी आणता येईल, अशी आशा धरू नका. मात्र निर्णय मनमानी आहे, खात्याने स्वतःचेच निकष पाळले नाहीत, हे कागदावर दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. त्यासाठी आधी कागद हातात पाहिजेत.

जाता जाता. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं गेलं. आम्हा वकिलांची पंचाईत अशी की जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ रजिस्टर पोस्टावर उभं आहे. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने नोटीस पाठवली की ती पोचली असं धरलं जातं. म्हणून आता स्पीड पोस्ट करतानाच नोंदणीची जादा सेवा मागायची, ५ रुपये आणि वर जीएसटी. खिडकीवर आपण होऊन कोणी सांगत नाही. चेक परत आल्याची नोटीस पाठवणाऱ्यांनी तर हे गाठ मारून ठेवा, कारण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसच हातात असतात. वस्तीतलं पोस्ट गेलं की अशी नोटीस शेवटच्या दिवशी टाकायला माणूस घामाघूम होऊन सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत धावतो, हे डोळ्यांनी पाहतो.

कागदपेन

विषयाला थोडा फाटा फोडते, धागापालांनी (या चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्यांनी) माफ करावं. आमचं छोटं प्रकाशन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय, अचानक बंद झालं. आदल्या दिवशी पुस्तकं पाठवली, दुसऱ्या दिवशी काउंटरवर तो पर्यायच संगणकात नाही! खिडकीतल्या मुलीलाही तेव्हाच कळलं. पुढे १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००. बरं आहे, तक्रार नाही. पण मधले साडेचार महिने आम्ही पुस्तकाच्या किमतीच्या निम्मं टपाल भरत होतो. शिवाय ज्ञान पोस्टात जाहिराती असलेलं चालत नाही, म्हणजे दिवाळी अंक बाहेरच.

सांगायचा मुद्दा, पद्धत तीच. आधी करून टाकायचं, मग लोक ओरडले की पर्यायाचं बघायचं. या धाग्यातलं पोस्टही त्याच मालिकेत बसतं.

लेस्टरचा वऱ्हाडी

मूळचा नागपुरातल्या धंतोलीचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथे हा प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला आहे म्हणून लिहितो.

२००७ मध्ये इथल्या सरकारने जाहीर केलं की अडीच हजारांपर्यंत पोस्ट ऑफिसं बंद करणार. तोटा, इंटरनेट, पेन्शन थेट बँकेत जायला लागलेलं, कारणं ओळखीचीच. फरक असा की आधी निकष छापला. देशातल्या ९९ टक्के लोकांना ३ मैलांच्या आत आणि ९० टक्के लोकांना १ मैलाच्या आत पोस्ट मिळालं पाहिजे. मग भागाभागाने कोणती बंद होणार ती यादी, आणि प्रत्येक यादीवर सहा आठवडे लोकांचं म्हणणं ऐकायचं. आमच्या भागात म्हाताऱ्या मंडळींनी सह्या गोळा केल्या, चर्चच्या हॉलमध्ये सभा घेतली.

आता खरं सांगतो, बहुतेक बंद झालीच. काही थोडी वाचली. ऐकून घेतलं म्हणजे मानलं असं नव्हे. पण जी वाचली ती लोकांनी बसची वेळापत्रकं आणि चढाचे रस्ते दाखवून वाचवली. नकाशावर मैल बरोबर होता, पण वाटेत टेकडी होती. बाप्पा यांची रेल्वेलाईन वाचून तेच आठवलं.

इथली बरीच पोस्टं खासगी दुकानदार चालवतात, त्यामुळे पोस्ट गेलं की दुकानही बसायचं. तिकडचं गणित वेगळं आहे, सगळं जसंच्या तसं लावू नका. डेन्मार्कने तर २०२५ संपता संपता सरकारी टपाल कंपनीची पत्रवाटपच बंद केली, रस्त्यावरचे लाल डबे काढले. आपल्याकडे तसं व्हायला वेळ आहे, असं वाटतं.

बाप्पा

सहा हप्ते ऐकून घेते? आमच्या इकडं त साहेब जागेवर भेटला तरी लोकं पेढे वाटन.

धागापाल

चर्चा चांगली चालली आहे. कुठल्याही पोस्ट ऑफिसातल्या कर्मचाऱ्याचं नाव, फोन लिहू नका. एक प्रतिसाद त्यासाठी काढला आहे.

खिडकी नंबर दोन

सगळ्यांचे आभार. काल मोठ्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाईंनी चहा विचारला, पण फाइल दाखवता येणार नाही म्हणाल्या. बोलता बोलता एक गोष्ट मात्र कळली. पोस्ट ज्या घराच्या तळमजल्यावर आहे तो करार फार जुना आहे. भाडं आजच्या भावात काहीच नाही. मालकांच्या मुलांना घर पाडून फ्लॅटची स्कीम टाकायची आहे. खात्याने नवी जागा शोधायची तर चालू भावात भाडं द्यावं लागेल आणि ते मंजूर होत नाही.

म्हणजे गर्दी, उत्पन्न, अंतर हे सगळं नंतर जोडलेलं. मूळ अडचण खोलीची!

जुना शिक्का

मला शंका होतीच. शहरातली बहुतेक उपडाकघरं भाड्याच्या जागेत आहेत, आणि मेट्रो आल्यापासून नागपुरात जागेचे भाव कुठे गेले ते तुम्ही जाणता. मालकाचा दोष नाही, त्याने इतकी वर्षं जवळजवळ फुकट जागा दिली.

पण हे तुमच्या पथ्यावर पडलं. 'बंद करू नका' या मागणीवर साहेब फक्त मान डोलावतो. 'जागा आम्ही सुचवतो, काउंटर तेवढं ठेवा' असं म्हटलं की त्याला फाइलवर काहीतरी लिहावं लागतं. महापालिकेचं किंवा एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) समाजभवन, बंद पडलेली शाळेची खोली, झोन ऑफिसातला कोपरा. नाममात्र भाड्याची जागा मिळाली की खर्चाची बाजू एकदम हलकी होते. डिलिव्हरी परत मागू नका, ती येणार नाही. आता सगळीकडे वाटप मोठ्या केंद्रांवरून करण्याकडेच कल आहे. बिनडिलिव्हरीचं ऑफिस म्हणून ते राहू शकतं आणि तुमच्या बायकांना, म्हाताऱ्यांना काउंटरच हवं आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शहर विभागाच्या प्रवर अधीक्षकांकडे. गेल्या तीन वर्षांचं या ऑफिसचं उत्पन्न आणि खर्च वर्षवार मागा. चालू खाती किती, तेही वर्षवार. डिलिव्हरी कोणत्या तारखेला काढली आणि दुसरं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, हे नक्की विचारा, कारण या दोन तारखा उत्पन्नाच्या आकड्यांशेजारी ठेवल्या की तुम्ही सुरुवातीला लिहिलेलं आपोआप सिद्ध होतं. नव्या ऑफिसचं अंतर कसं मोजलं, रस्त्याने की सरळ रेषेत, हेही. आणि पर्यायी जागेसाठी जाहिरात दिली होती का? फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने. ती त्याच पोस्टातून घ्या, तेवढीच त्यांच्या उत्पन्नात भर.

डाक अदालतीत जाऊ नका. ती हरवलेल्या पार्सलसाठी, अडलेल्या दाव्यासाठी ठीक आहे, धोरणाचे विषय तिथे घेत नाहीत. त्यापेक्षा नागपूर क्षेत्राच्या पोस्टमास्तर जनरलना निवेदन आणि त्याची प्रत खासदारांना.

वय झालं की माणूस विषय सोडून बोलतो, तसं एक बोलून घेतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं रात्री निघायची ती आपल्या नागपुरात येऊन भेटायची. इथे थैल्या अदलाबदल करायच्या आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परत. अख्ख्या देशाची डाक सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री उतरत होती. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक त्याच्या गोष्टी सांगायचे, निम्म्या थापा असतील. त्या शहरात वस्तीच्या पोस्टाला एक खोली मिळू नये?

शून्य मैल

माझं मत बदललेलं नाही. शहरातली निम्मी पोस्टं जास्तीची आहेत आणि तुटीबद्दल इथे कोणी उत्तर दिलेलं नाही. पण अंतराचा मुद्दा आकड्यांचा आहे, म्हणून मोजून पाहिलं. खिडकी ताईंनी व्यक्तिगत निरोपात दोन्ही पत्ते दिले होते. सरळ रेषेत १.३ किलोमीटर येतं, म्हणजे निकषाच्या आत आणि विलीनीकरण योग्य. चालत जायच्या रस्त्याने २.१. मधला मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल एकाच ठिकाणी आहे, तिथून वळसा घालावा लागतो. नकाशा करून देतो, अर्जाला जोडा. पीडीएफ आज रात्री पाठवतो.

खात्याने जर सरळ रेषेनेच मोजलं असेल तर ते चूक आहे, हे मान्य. बाकी भांडण नंतर.

आरडीवाली ताई

दादा, नकाशात आमची झोपडपट्टीही दाखवा. ती सिग्नलच्या आणखी मागे आहे. तिथूनच सगळ्यात जास्त आरड्या आहेत. आकडा मी देते, नावं देणार नाही.

समाजभवनाचं मी नगरसेवकांच्या ऑफिसात विचारलं. एक खोली रिकामी आहे, सध्या तिथे गणपतीच्या मंडळाचं सामान असतं. मंडळाची पोरं आमचीच आहेत, हलवतील.

काळा कोट

निवेदनाचा मसुदा मी करून देतो, पैसे नाहीत. एक पान, त्याहून मोठं नको. सह्यांच्या यादीत नुसती नावं नकोत, खातं कोणत्या प्रकारचं आणि महिन्यातून किती वेळा येणं होतं एवढे दोन रकाने ठेवा. खाते क्रमांक चुकूनही लिहून घेऊ नका. आणि समाजभवनाचं तोंडी राहू देऊ नका, महापालिकेकडून भाड्याचं लेखी पत्र घ्या. त्या पत्राशिवाय निवेदन देण्यात अर्थ नाही.

खिडकी नंबर दोन

रविवारी सकाळी १० वाजता समाजभवनातच बसू या. मसुदा, नकाशा आणि सह्यांचे कोरे कागद मी छापून आणते. आरटीआयचा अर्ज उद्याच टाकते, पोस्टल ऑर्डर घेतली. बाबा म्हणाले की एमआयएसवाल्यांची यादी ते करतील, त्यांना सगळे ओळखतात. महिन्याला ९,२५० व्याज घेणारे, म्हणजे पूर्ण १५ लाख ठेवलेले संयुक्त खातेदारच आमच्या गल्लीत चार-पाच निघतील म्हणतात. हे आकडे उत्पन्नाच्या बाजूला मांडता येतील ना, काका?

जुना शिक्का

रकमेपेक्षा खात्यांची संख्या मोजली जाते. १५ लाखांचं एक खातं ते एकच खातं, आणि ताईंच्या बायकांच्या शंभर-शंभर रुपयांच्या तीस आरड्या म्हणजे तीस खाती. तेव्हा यादी आरडीपासून सुरू करा, एमआयएस नंतर.

बाप्पा

मी बी येतो रविवारी. आमचं बंद झालेलं परत उघडता येते का जी, तेवढं सांगा कोनी.

जुना शिक्का

बंद झालेलं उघडणं कठीण. तेव्हा पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं राहायचा निकष लागतो. पण तुमची रेल्वेलाईन कुठे आहे ते रविवारी नकाशावर दाखवा. दोन्ही वस्त्यांच्या मधे समाजभवन पडत असेल तर एकाच अर्जात दोघांचं बसवता येईल.